सासूबाईंचं खेळणं आणि डॉक्टरांचं मशीन

ग्राफिक्स कार्ड आलं तेव्हा डॉक्टरांचा हात एका पेशंटच्या तोंडात होता. बेल वाजली, कुरियरवाल्यानं बाहेरून हाक मारली आणि डॉक्टरांनी तो हात झटकन बाहेर काढला. "तोंड उघडंच ठेवा हं," एवढं पेशंटला बजावून ते जे गेले, ते खोकं छातीशी धरूनच परत आले. पेशंट बिचारा दिव्याखाली आ वासून तसाच पडलेला. डॉक्टरांनी खोकं निर्जंतुक हत्यारांच्या कपाटात ठेवलं, कारण दवाखान्यात त्याहून स्वच्छ जागा नव्हती. मग त्यांनी उरलेली दाढ इतक्या आनंदानं भरली, की आपली दाढ फारच चांगली निघाली असं पेशंटला वाटलं.

डॉक्टर दातांचे. दवाखाना पुढे, घर मागे, मध्ये एक दार. त्यांचे जिवाभावाचे मित्र दोन: एकाचं चष्म्याचं दुकान, दुसरे वकील. तिघं शाळेपासूनचे. शाळा सुटली की हे तिघं कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मोटारींच्या गेमवर जायचे. मशीनसमोर एकच स्टूल, त्यावर तिघं बसायचे. चष्मेवाल्यानं स्टिअरिंग धरायचं, डॉक्टरांनी खाली वाकून हातानं ब्रेक दाबायचा आणि वकिलांनी ओरडायचं. शर्यत एकदाही जिंकली नाही, पण आयुष्यात तितकी मजा पुन्हा कधी आली नाही, असं तिघांचंही प्रामाणिक मत होतं. पुढे ते दुकान गेलं, स्टूल गेलं, तिघांची पोटं सुटली.

वर्षापूर्वी डॉक्टरांनी घोषणा केली, "आपण गेमिंगचा कंप्युटर करायचा. तयार आणायचा नाही, एकेक भाग आणून स्वतः बांधायचा. आणि मग तिघांनी मिळून पुन्हा गाड्या पळवायच्या!" झालं! तेव्हापासून तिघांच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. प्रोसेसर कुठला, पंखे किती, आतले दिवे निळे की जांभळे, यावर रोज वाद व्हायचे. दिव्यांच्या रंगावरून तर वकील आठवडाभर बोलत नव्हते. खेळणं लांबच राहिलं, पण बोलण्यात तिघंही इतके तयार झाले होते की ऐकणाऱ्याला वाटावं, हे झोपेतही गेमच खेळतात.

असंच आणखी वर्ष आरामात गेलं असतं, पण चष्मेवाल्यानं दुकान विकलं. लेकीकडे राहायला जायचं ठरलं, तेही विमानानं जावं लागेल इतक्या लांब. टॅक्सी रविवारी संध्याकाळी येणार होती आणि कार्ड आलं शनिवारी. डॉक्टरांनी दोघांना फोन केला.

"उद्या सकाळी या. दुपारपर्यंत मशीन उभं राहील. चष्म्या, तुला मी खेळल्याशिवाय विमानात बसू देणार नाही!"

"बघ हं डॉक्या," चष्मेवाला म्हणाला. "मी सामानाची बांधाबांध टाकून येणार आहे. बायको मला टाकून जाईल."

आता घरात एक वेगळंच प्रकरण चालू होतं, तेही सांगायला हवं. डॉक्टरांच्या सासूबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून लेकीकडे विश्रांतीला आल्या होत्या. येताना त्यांच्याबरोबर एक गेमचा कन्सोल आला होता. तो दिला होता धाकट्या जावयानं, म्हणजे डॉक्टरांच्या साडूनं. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं की उभं राहून तोल सांभाळायचे खेळ खेळा, गुडघा लवकर सुधारेल. सासूबाईंनी दोन दिवस उभं राहून चेंडू घरंगळवला. तिसऱ्या दिवशी त्यांना त्याच कन्सोलवर मोटारींची शर्यत सापडली, आणि ती बसून खेळता येते हेही समजलं. त्यानंतर त्या ज्या सोफ्यावर बसल्या, त्या जेवणापुरत्याच उठायच्या.

साडूचं आणि डॉक्टरांचं या बाबतीत हाडवैर होतं. ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये सगळ्या नातेवाइकांसमोर दोघांची जुंपली होती.

"कशाला एवढा खटाटोप, साडूभाऊ?" साडू म्हणाला होता. "कन्सोल आणायचा, टीव्हीला लावायचा, खेळायला बसायचं."

"ते खेळणं आहे हो! लहान मुलांचं! ज्याला खरा गेम म्हणजे काय ते कळतं, तो त्याला हातसुद्धा लावणार नाही."

"एक दिवस तुम्हीच मला फोन कराल. कुठला घेऊ म्हणून विचाराल."

"केला तर सगळ्यांच्या देखत तुमची माफी मागेन!" असं डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले होते, आणि शेजारच्या टेबलावरच्या भूलतज्ज्ञांचा चहा सांडला होता.

रविवारी सकाळी तिघंही दवाखान्यात जमले तेव्हा शाळेची सहल निघावी तसा उत्साह होता. कंप्युटरचे सगळे भाग ज्यात बसवायचे ते कॅबिनेट ठेवायचं कुठे? दवाखान्यात सगळ्यांत चांगला उजेड दातांच्या खुर्चीवर. म्हणून काचेच्या बाजूंचं ते देखणं कॅबिनेट खुर्चीवर आडवं निजवलं. डॉक्टरांनी सवयीनं पायानं पेडल दाबून खुर्ची मागे झुकवली, दिवा लावला, मास्क चढवला आणि हातमोजे घातले. चष्मेवाल्यानं डोळ्याला भिंग लावलं. वकिलांनी माहितीपुस्तिका उघडली.

"यात म्हटलंय, प्रोसेसर हळुवार ठेवावा," वकील म्हणाले. "पण हळुवार म्हणजे किती, ते कुठेच दिलेलं नाही. उद्या काही मोडलं तर कंपनी याच शब्दामागे लपणार बघ."

"वकील, तू फक्त वाच रे. युक्तिवाद नको."

"एक पिन किंचित वाकडी आहे," भिंगातून बघत चष्मेवाला म्हणाला.

"दाखव. चिमटा! अं हं, तो नाही, बारीक चिमटा!"

पिन सरळ झाली. प्रोसेसर बसला, मेमरी बसली, पंखे बसले. तिघांना हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी होता. मग हत्यारांच्या कपाटातून कार्ड बाहेर आलं. डॉक्टरांनी ते दोन्ही हातांवर तोलून आत ठेवायला घेतलं, आणि ते आत जाईना. बोटभर जास्त लांब होतं.

वर्षभर त्या कार्डाचा वेग, ताकद, तापमान, सगळ्याचा कीस पाडून झाला होता. त्याची लांबी मात्र तिघांपैकी एकानंही मोजली नव्हती.

"हा आतला पत्र्याचा कप्पा आडवा येतोय," चष्मेवाला म्हणाला. "तो नसता तर बसलं असतं."

डॉक्टरांनी कप्प्याकडे बघितलं. मग शेजारी टांगलेल्या ड्रिलकडे बघितलं. मग मित्रांकडे बघितलं.

"नको रे डॉक्या," वकील म्हणाले. डॉक्टरांनी काय मनात आणलंय ते वकिलांना कळलं होतं, आणि ते त्यांना किती आवडलंय हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

पुढचा बराच वेळ दवाखान्यातून जो आवाज येत होता, तो ऐकून रस्त्यावरून जाणारा एक माणूस गाल धरून पलीकडच्या फुटपाथवर गेला. डॉक्टर पत्रा कापत होते, चष्मेवाला पाण्याचा फवारा लांब धरून होता आणि वकील थुंकी ओढायच्या नळीनं धातूचा चुरा ओढून घेत होते. मधल्या दारातून वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोनं, डोकं आत घातलं.

"अहो, काय जळतंय?"

"काही नाही. ट्रीटमेंट चालू आहे."

"रविवारी? आणि पेशंट कुठाय?"

तिघांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. वहिनींनी खुर्चीवरचं कॅबिनेट बघितलं, नळी धरलेले वकील बघितले, आणि दार लावून घेतलं. या बाईनं संसारात आणखी काय काय बघितलं असेल, असं वकिलांना क्षणभर वाटून गेलं.

कार्ड बसलं! तारा जोडल्या, स्क्रीन जोडला, डॉक्टरांनी श्वास रोखून बटण दाबलं. पंखे फिरले. दिवे लागले, निळेही आणि जांभळेही, कारण शेवटी तसा समझोता झाला होता. तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मग स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीन काळाकुट्ट.

"सिग्नल नाही म्हणतोय," चष्मेवाला म्हणाला.

मेमरी काढून घातली. पंखे काढून घातले. वकिलांनी पुस्तिका पहिल्यापासून वाचली, मग दुसऱ्या भाषेतली वाचली. डॉक्टरांच्या घशाला कोरड पडली.

"चष्म्या, आतून जरा पाणी आण रे."

चष्मेवाला आत गेला. गेला तो गेलाच. थोड्या वेळानं आतून त्याचा आवाज आला, "अहो मावशी, असं ढकलायचं नसतं!" आणि पाठोपाठ सासूबाईंचं हसणं.

"हा काय करतोय आत?" डॉक्टर म्हणाले. "वकील, जा, घेऊन ये त्याला. आणि पाणीसुद्धा."

"आत्ता हजर करतो," म्हणत वकील निघाले. दार लागलं. आतून आधी वकिलांचा रागावलेला आवाज आला, मग समजुतीचा, मग चौकशीचा. "याचा वेग कसा वाढवायचा?" असं काहीतरी ऐकू आलं आणि त्यानंतर वकिलांच्या तोंडून अशी आरोळी निघाली, जी कोर्टात कोणी कधी ऐकली नसेल.

डॉक्टर एकटे उरले. त्यांनी कॅबिनेटची मागची बाजू दिव्याकडे वळवली, तोंडात घालायचा छोटा आरसा घेतला आणि तो आत सरकवून बघितलं. स्क्रीनची तार चुकीच्या भोकात होती! एवढा पत्रा कापून बसवलेलं ते राजेशाही कार्ड, आणि तार त्याला जोडलेलीच नव्हती. डॉक्टरांनी ती काढली, कार्डात लावली, आणि स्क्रीन लख्ख उजळला.

"आलं! अरे, आलं रे आलं!" ओरडत त्यांनी मधलं दार उघडलं.

सोफ्याच्या मधोमध सासूबाई बसल्या होत्या. पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. डावीकडे चष्मेवाला, उजवीकडे वकील. तिघांच्याही हातात कंट्रोलर, तिघंही वळणावर एका बाजूला कललेले. कोणी मागे वळून बघितलं नाही.

"आलं का? वा वा, छान," वकील टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "मावशी, मला पुढे जाऊ द्या हो!"

"अजिबात नाही," सासूबाई म्हणाल्या. "स्वतःच्या हिमतीवर या."

"तुम्ही खेळणं खेळताय?" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "वर्षभर आपण त्याला काय काय बोललो! आणि आज, आजच्या दिवशी?"

"खेळतोय कुठे? मावशींना सोबत करतोय," चष्मेवाला म्हणाला. "आजारी माणसाला एकटं कसं सोडायचं? तुझं तयार झालं की हाक मार."

डॉक्टरांनी दार आपटलं. फार लागलं त्यांच्या मनाला. पण मशीन चालू झालं होतं आणि संध्याकाळ अजून लांब होती. गेम एकदा इंटरनेटवरून उतरवून घेतला की या दोघांना कळेल कशाला गेम म्हणतात ते, असं म्हणून ते पुन्हा कामाला लागले.

मशीन म्हणालं, आधी मी स्वतःला अद्ययावत करून घेतो. डॉक्टर म्हणाले, कर. ते झाल्यावर मशीन म्हणालं, आता मी बंद होऊन पुन्हा चालू होतो. मग कार्डासाठी वेगळं काहीतरी हवं होतं, त्यासाठी खातं उघडायला हवं होतं, खात्याला पासवर्ड हवा होता आणि पासवर्डमध्ये एक चिन्ह हवं होतं. डॉक्टरांनी वैतागून असं चिन्ह टाकलं की पुढच्या क्षणी ते त्यांनाच आठवेना. हे सगळं उरकून अखेर मोटारींचा गेम उतरू लागला. एक हिरवी पट्टी दिसू लागली. ती पुढे सरकते आहे हे कळायला चष्मेवाल्याचं भिंग लावावं लागलं असतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात बेकरीवाला, एक गाल टम्म सुजलेला.

"डॉक्टर, मेलो! रविवार आहे माहितेय, पण दाढेनं जीव नकोसा केलाय हो."

डॉक्टर कितीही वेडे झाले असले तरी दुखणाऱ्या दाढेला परत पाठवणारे नव्हते. पण खुर्चीवर मशीन! "तुम्ही आत सोफ्यावर बसा पाच मिनिटं," ते म्हणाले. त्यांनी मशीन उचलून कडेच्या ओट्यावर ठेवलं, पट्टी चालूच राहील अशा बेतानं. खुर्ची पुसली. बेकरीवाल्याला बोलावून दाढेशेजारी बधिरतेचं इंजेक्शन दिलं आणि गाल बधिर होईपर्यंत पुन्हा आत बसायला सांगितलं. इथेच चूक झाली.

"या बेकरीवाले," आतून सासूबाईंचा आवाज आला. "चौथा रिमोट रिकामाच आहे. दुखत असलं की मन दुसरीकडे गुंतवावं."

"मला सांगताय मावशी? माझ्या घरी आहे हा! भावाशी रोज खेळतो मी. तो तिकडे, मी इकडे. तो परदेशात असतो!"

थोड्या वेळानं डॉक्टरांनी हाक मारली, "बेकरीवाले, झाला का गाल बधिर? या."

"थाँबा हो दॉक्तर," बधिर तोंडानं उत्तर आलं. "शेवटची फेली आहे!"

डॉक्टरांच्या इतक्या वर्षांच्या धंद्यात पेशंट खुर्चीला घाबरून आला नाही असं पुष्कळदा झालं होतं. आनंदात आहे म्हणून आला नाही, असं पहिल्यांदाच होत होतं.

शेवटी त्याला जवळजवळ ओढूनच आणलं. डॉक्टरांनी ड्रिलसाठी कंप्रेसर चालू केला. ओट्यावरचं मशीन त्याच बोर्डावर होतं. कंप्रेसरनं एक धक्का दिला, मशीनच्या सगळ्या पंख्यांनी एकदम जोर धरला, आणि दवाखान्याचा मेन स्विच खटकन पडला. ड्रिल बंद, दिवा बंद, निळं-जांभळं सगळं बंद. हिरवी पट्टी गडप!

घराची लाइन वेगळी होती. विझलेल्या दिव्याखाली डॉक्टर आणि बेकरीवाला एकमेकांकडे बघत असताना आतून आवाज आला, "जिंकले! मी जिंकले! पुन्हा मीच!"

स्विच वर केला. आता दाढ आणि गेम यांतलं एकच काही चालणार होतं. डॉक्टरांनी एक खोल उसासा टाकला आणि मशीनचं बटण बंदच ठेवलं. दाढ व्यवस्थित साफ केली, औषध भरलं, गोळ्या लिहून दिल्या. "आता घरी जाऊन पडा," म्हणाले. बेकरीवाल्यानं मान हलवली, दोन पावलं बाहेरच्या दाराकडे टाकली आणि मग हळूच मधल्या दारानं आत गेला.

मशीन पुन्हा चालू केल्यावर ते आधी स्वतःची तपासणी करत बसलं. दवाखान्याच्या खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरलं, मग जमिनीवर आलं. डॉक्टर जेवायलाही उठले नाहीत. वहिनी ताट आणून ठेवून गेल्या. जाताना त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, ते दोघं तुमची वाट बघताहेत."

"मी त्यांच्यासाठीच तर करतोय ना!"

आणि ऊन सरता सरता गेम उघडला. काय सांगावं! ओला रस्ता, त्यावर ढगांची सावली, गाडीच्या काचेवर पावसाचा एकेक थेंब घरंगळताना दिसत होता. डॉक्टरांचा थकवा कुठल्या कुठे पळाला. "या! लवकर या! झालं! झालं रे!" ते इतक्या जोरात ओरडले की या वेळी खरोखरच सगळे धावत आले. चष्मेवाला, वकील, बेकरीवालासुद्धा. मागून काठी टेकत सासूबाई.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. "काय चकचकीत आहे!"

"चष्म्या, बस," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आपली फिरती खुर्ची पुढे केली. "पहिला मान तुझा."

चष्मेवाला बसला. त्यानं कीबोर्डवर बोटं ठेवली. गाडी सुटली. बाकीचे मागे उभे राहिले. वकिलांना चष्मेवाल्याचं डोकं आडवं येत होतं, म्हणून ते टाचा उंच करून बघत होते. बेकरीवाला दारातूनच बघत होता. कोणी ओरडत नव्हतं. फक्त पंख्यांचा मंद आवाज.

"सुंदर आहे रे," वकील म्हणाले, पण दुसऱ्याचा बंगला बघून आल्यावर म्हणतात तसं.

अर्ध्या फेरीतच चष्मेवाल्यानं बोटं उचलली. गाडी काचेवरच्या थेंबांसकट एका झाडाला जाऊन टेकली.

"काय झालं? अडकलं का?"

"नाही रे. मशीन झकास आहे." चष्मेवाला खुर्ची फिरवून त्यांच्याकडे तोंड करून बसला. "पण डॉक्या, मी इकडे तोंड करून खेळायचं आणि तुम्ही माझ्या पाठीशी उभे राहायचं. मला तुमची तोंडं दिसत नाहीत. आणि आज मी चाललोय रे."

डॉक्टरांनी त्या फिरत्या खुर्चीकडे बघितलं. एकच खुर्ची. एकच कीबोर्ड. एकच माऊस.

"वर्षभर," वकील हळू आवाजात म्हणाले, "आपण एकेका पंख्यावरून भांडलो. खेळायला बसायचं किती जणांनी, हे कोणी विचारलंच नाही."

डॉक्टरांना रडू येईल असं सगळ्यांना वाटलं. त्यांना स्वतःलाही तसं वाटलं. सासूबाईंनी काठीनं जमिनीवर टकटक केलं.

"जावईबापू, टॅक्सी यायला अजून वेळ आहे ना? मग इथे उभे काय राहिलात? बेकरीवाले, तुमचा रिमोट माझ्या जावयाला द्या."

"घ्या ना डॉक्टर," बेकरीवाल्याचं तोंड आता बरंच ताळ्यावर आलं होतं. "लाल गाडी आहे. फक्त वळणावर जरा लवकर वळवा."

डॉक्टरांना कॅन्टीन आठवलं. टेबलावर आपटलेला हात आठवला. मग त्यांनी मित्राकडे बघितलं आणि गळ्यातला मास्क काढून ओट्यावर टाकला. "चला," ते म्हणाले.

सोफा तिघांचा होता. त्यावर सासूबाई, चष्मेवाला आणि वकील आधीच बसले, आणि चौथे डॉक्टर त्या फटीत स्वतःला कोंबून बसले. वकिलांचं कोपर त्यांच्या बरगडीत रुतलं. शर्यत सुटली, आणि डॉक्टरांची लाल गाडी उलट्या दिशेनं निघाली.

"अरे डॉक्या, तिकडे कुठे? घरी चाललास का?"

"ब्रेक! ब्रेक दाब!" वकील ओरडले.

"कुठला ब्रेक? कुठेय ब्रेक?"

"आयुष्यभर ब्रेकच दाबलास की तू!" चष्मेवाला हसता हसता सोफ्यावरून घसरला आणि त्याची गाडी भिंतीवर आदळली. वकील नुसतेच ओरडत सुटले. त्यांना आपण खेळतोय याचाही विसर पडला. सासूबाई शांतपणे सगळ्यांना मागे टाकून पुढे गेल्या. वहिनी दारात उभ्या राहून डोळे पुसेपर्यंत हसत होत्या. डॉक्टर शेवटून पहिले आले आणि त्यांना इतका आनंद झाला, की त्यांची त्यांनाच लाज वाटली. तेच ते स्टूल, तेच ते तिघं! फक्त आता मध्ये सासूबाई होत्या.

"पुन्हा! पुन्हा एकदा!"

टॅक्सीचा हॉर्न वाजला. "आलोच!" असं सगळ्यांनी मिळून सांगितलं आणि आणखी एक शर्यत लावली. शेवटी वहिनींनी टीव्हीच बंद केला. दारात तिघांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवलं. तेव्हा बेकरीवाला मागून म्हणाला, "अहो, एवढं काय! तिकडे एक घ्या, इकडे एक घ्या. मी भावाशी खेळतोच की!"

चष्मेवाल्यानं लेकीकडे पोचल्यावर बॅगासुद्धा उघडल्या नाहीत. त्याचा निरोप आला, "घेतला! चारही रिमोटसकट! बुधवारी संध्याकाळी बसा. आणि डॉक्याला सांगा, ब्रेक उजव्या हाताला असतो."

पण मंगळवारी फिजिओथेरपिस्ट आला. त्यानं गुडघा वाकवून बघितला, सासूबाईंना चालवून बघितलं आणि जाहीर केलं की गुडघा ठणठणीत आहे, आता खुशाल आपल्या घरी जा. सासूबाईंचा चेहराच उतरला. त्या रोज लंगडत होत्या ते कशासाठी, हे डॉक्टरांना तेव्हा कुठे उमगलं. जायचं म्हणजे सासूबाई आपलं खेळणंही घेऊन जाणार. आणि बुधवार तर उद्यावर आलेला! वकील घाबरे होऊन दवाखान्यात आले. कुठला घ्यायचा, कंट्रोलर वेगळे लागतात का, दोघांनाही काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं ते एकाच माणसाला.

"कर फोन," वकील म्हणाले. "चष्म्यासाठी कर. माफीचा मसुदा मी करून देतो."

डॉक्टरांनी फार आढेवेढे घेतले म्हणावं, तर तसंही नाही. फोन करायला त्यांनी जेमतेम एक चहा संपवला, एवढाच वेळ घेतला. ओट्यावर त्यांचं मशीन निळ्या-जांभळ्या दिव्यांत झगमगत होतं. त्यावर आता बेकरीवाल्याच्या दाढेचा एक्स-रे उघडला होता, आणि दाढेचं मूळ पावसाच्या थेंबाइतकं स्वच्छ दिसत होतं. डॉक्टरांनी नंबर लावला.

"साडूभाऊ, मी बोलतोय. ते कॅन्टीनमध्ये आपलं..."

"साडूभाऊ!" पलीकडून साडू दबक्या आवाजात, पण घाईघाईनं बोलू लागला. "अहो, मीच तुम्हाला फोन करणार होतो. पण कुठल्या तोंडानं करणार? तुमचं त्या दिवशीचं बोलणं मनाला फार लागलं हो. खरा गेम म्हणजे काय ते आपल्याला कळायला नको? म्हणून तर ते खेळणं सासूबाईंना देऊन टाकलं. तेव्हापासून मशीन बांधतोय. सगळं आणलं, पण ग्राफिक्स कार्ड आत जातच नाही. बोटभर जास्त लांब आहे. मी हरलो, तुम्ही जिंकलात. फक्त आता काय करू ते सांगा!"

डॉक्टरांनी फोन कानापासून दूर धरला. काय क्षण होता तो! माफी मागायचीच गरज उरली नव्हती. सगळ्या नातेवाइकांना आजच्या आज फोन करता आले असते. वकील समोरून खुणा करत होते, काय म्हणतोय, काय म्हणतोय? तेवढ्यात मधल्या दाराआडून सासूबाईंची खणखणीत हाक आली, "जावईबापू, जायच्या आधी एक शेवटची खेळताय ना? लाल गाडी तुमच्यासाठी ठेवलीय!"

डॉक्टरांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"साडूभाऊ, त्या कार्डाला आधी बाजूला ठेवा," ते म्हणाले. "आणि मला सांगा, तुमच्या घरातला सोफा केवढा आहे?"